शाहीर गेले, चाल कुणी सांभाळायची?

२६ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार. नागपूरच्या पवित्र दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाणी वाहिनीच्या शुभारंभाचा सोहळा भरला होता. लोकशाहीर विठ्ठल उमप मंचावर आले. समोरच्या जनसमुदायाला त्यांनी ‘जयभीम’ घातला आणि तेथेच ते कोसळले. पुन्हा उठले नाहीत. वय वर्षे ७९. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो बांधवांना धम्म दिला, त्याच भूमीवर, ओठांवर जयभीम असताना हा शाहीर गेला. दिवस तरी कोणता? १९४९ साली याच तारखेला संविधान सभेने भारताची घटना स्वीकारली होती.

बातमी आमच्या मारुंजीत पोचली ती मोबाईलवरून. मारुंजी म्हणजे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या शेजारचे गाव. एके काळी इथे भातखाचरे होती, आता हाकेच्या अंतरावर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत. आमच्या माणसांपैकी कोणी त्या इमारतींत साफसफाईला जातो, कोणी वॉचमन आहे, कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो. मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्या रात्री या खोल्यांच्या दारांत माणसे उभी राहून एकच गोष्ट बोलत होती. रात्रपाळीला निघालेली मुले डबा हातात धरून थांबली. आमच्या शेजारच्या एक वयस्कर मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “आता द्रौपदी कोण व्हनार रं?”

त्या मावशींचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळे आले. शाहीर गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय सांभाळायचे, हाच तो प्रश्न. त्याविषयी आज वाचक बंधू-भगिनींशी चार शब्द बोलायचे आहेत.

हेच आपले संगीत नाटक

‘संगीत नाटक’ म्हटले की लोकांना किर्लोस्कर आठवतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले, हे शाळेच्या पुस्तकातही असते. त्या रंगभूमीचा मान मोठाच आहे. पण त्याच महाराष्ट्रात, गावकुसाबाहेर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात एक दुसरी संगीत रंगभूमी उभी राहिली होती. तिला तिकीट नव्हते, पडदा नव्हता. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि जमलीच तर पेटी, एवढेच तिचे सामान. ती म्हणजे आंबेडकरी जलसा.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचे रूप घेऊन त्यात आपला विचार भरला आणि सत्यशोधक जलसे निघाले. त्याच वाटेने १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झालेला होता, ते वातावरण तापलेले होते. तमाशात आधी गण असतो, मग गौळण, मग बतावणी आणि वग. जलसाकारांनी गणातून गणपती काढला आणि तेथे स्वातंत्र्याचे, समतेचे, बाबासाहेबांचे स्तवन आणले. गौळणीतली छेडछाड काढली. वगात राजा-राणीच्या जागी सावकार आला, पाणवठा आला, शाळेत मागे बसवलेले पोर आले. बायकांची कामे पुरुषच करीत. दिवसभर मजुरी करायची आणि रात्री तोंडाला रंग लावायचा, असे ते कलावंत होते. दहा सभांनी होणार नाही ते काम एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे बोल आपल्या समाजात आजही सांगितले जातात.

विठ्ठल उमप हे या परंपरेचे वारस. १५ जुलै १९३१ चा त्यांचा जन्म, म्हणजे जलशाचे आणि त्यांचे वय जवळजवळ एकच. मुंबईच्या कामगारवस्तीत ते वाढले. भीमगीते तर त्यांनी गायलीच, पण कोळीगीत, पोवाडा, गोंधळ, भारूड, फुगडीची गाणी असा लोकसंगीताचा एकही प्रकार त्यांनी परका मानला नाही. ते नुसते गायक नव्हते. ते रचत, चाल बांधत आणि उभे राहून करूनही दाखवीत. २००८ साली आलेल्या ‘टिंग्या’ या चित्रपटात नव्या पिढीने त्यांना पडद्यावरही पाहिले.

आणि ‘जांभूळ आख्यान’! द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उमटलेल्या ओढीची ही लोककथा. उमप त्यात स्वतः द्रौपदी होत. सत्तरीच्या घरातला पुरुष, पण पदर असा सावरायचा की पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपला पदर चाचपावा. आपल्या लोकांना हे आख्यान एवढे का भिडले, याचा विचार केला की एक गोष्ट लक्षात येते. कर्ण म्हणजे सूतपुत्र. अंगी गुण असून जन्मावरून हिणवलेला. राजकुळातल्या राणीचे मन त्याच्याकडे ओढले जाते, हे ऐकताना समोरच्या माणसाला जे वाटत असेल ते आम्ही वेगळे सांगायला नको. काही जण विचारीत, बौद्ध शाहिराने पुराणातली गोष्ट का सांगावी? त्याचे उत्तर जलशातच आहे. जुने रूप घ्यायचे आणि त्यातून माणसाची गोष्ट सांगायची, हेच तर जलसाकारांनी केले होते.

आपण शोक कसा करतो

आपल्या समाजात माणूस गेला की त्रिशरण-पंचशील होते, जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाची सभा होते. भाषणे होतात. पण शाहीर गेला की भाषणांनी भागत नाही. कोणीतरी पेटी ओढतो, कोणीतरी ताटावरच ठेका धरतो आणि गेलेल्या माणसाचेच गाणे सुरू होते. मग एकेकाला हुंदका आवरत नाही. आमच्याकडेही उमपांच्या बातमीनंतर असेच झाले. ज्यांनी त्यांना उभ्या आयुष्यात एकदाच, तेही लांबून पाहिले होते, ते घरातले माणूस गेल्यासारखे रडले. यात नवल नाही. ज्या माणसाचा आवाज आपल्या लग्नात होता, पोराच्या बारशाला होता, जयंतीच्या मिरवणुकीत होता, तो आवाज घरातलाच झालेला असतो.

उमप गेल्यानंतर दहाच दिवसांनी ६ डिसेंबर आला. दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीवर जनसागर लोटला. शिवाजी पार्कच्या बाजूला पुस्तकांचे, फोटोंचे, गाण्यांचे स्टॉल लागतात हे आपण जाणतोच. नंतर २५ डिसेंबर. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आम्हा मारुंजी, हिंजवडी, वाकडकडच्या लोकांना देहूरोड जवळचे, त्यामुळे आमची गर्दी तिथे असतेच. नंतर १ जानेवारी, भीमा कोरेगाव. आपला शोक असा एका दिवसात आटोपत नाही. तो एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाणे घेऊन चालत जातो.

याआधी २००४ साली आपल्यावर असाच घाला पडला होता. १५ मे २००४ रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. अक्षरओळख झाली ती मुंबईत, मोठेपणी. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले आणि पुढची साठ वर्षे हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. त्यांना जाऊन ३९ दिवस होतात न होतात तोच, २३ जून २००४ रोजी गायक प्रल्हाद शिंदे गेले. एक रचणारा आणि एक गाणारा, चाळीस दिवसांच्या आत दोघेही गेले. त्या पावसाळ्यात कितीतरी वस्त्यांवर टेपरेकॉर्डर लावायला हात धजत नव्हता.

याच तारखेला, साता समुद्रापार

उमपांच्या नंतर अकरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, तारीख तीच आणि वारही शुक्रवारच, अमेरिकेत स्टीफन सॉन्डहाइम नावाचे संगीतकार वारले. वय ९१. न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे म्हणून नाट्यगृहांचा भाग आहे. तिथल्या संगीत नाटकांचे ते सर्वांत मोठे नाव. ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गाणी त्यांनी १९५७ साली लिहिली, पुढे शब्द आणि संगीत दोन्ही स्वतःच करू लागले. त्यांच्या ‘स्वीनी टॉड’ या १९७९ सालच्या नाटकाचा नायक कोण, तर न्यायाधीशाने खोट्या आरोपावरून देशोधडीला लावलेला एक न्हावी. म्हणजे तिकडच्या रंगभूमीवरही अन्याय झालेल्या कष्टकऱ्याची गोष्ट गाण्यातून सांगितली जाते.

सॉन्डहाइम गेल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी, ब्रॉडवेवरचे गायक, नट-नट्या न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या भर चौकात जमले. लिन-मॅन्युएल मिरांडा या कलावंताने सॉन्डहाइम यांच्याच पुस्तकातला उतारा वाचला आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांच्याच नाटकातले ‘संडे’ हे गाणे गायले. रडत रडत गायले. आम्ही त्याचे चित्रीकरण पाहिले तेव्हा मनात आले, यांची भाषा निराळी, कपडे निराळे, पण शोक करण्याची रीत आपलीच! गाणे करणारा गेला तर गाऊनच त्याला निरोप द्यायचा.

पण पुढची गोष्ट ऐका. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, जाहीर केले की सॉन्डहाइम यांची हस्तलिखिते आणि कागदपत्रे, सुमारे ५,००० नग, ग्रंथालयात दाखल झाली आहेत. खोडाखोड केलेले गाण्याचे कच्चे कागद, टाकून दिलेल्या ओळी, स्वरांच्या खुणा, सगळे. शंभर वर्षांनी एखाद्या मुलीला त्यांचे गाणे कसे तयार झाले हे पाहायचे असेल तर तिला ते पाहता येईल.

इथे आम्ही थबकलो. शोक त्यांचा आणि आपला सारखाच. पण शोकानंतरचे काम? आपल्या शाहिरांच्या वह्या आज कोठे आहेत? काही छापल्या गेल्या, त्यांचे भाग्य थोर. बाकीच्या पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, गोधड्यांच्या खाली आहेत. काहींची रद्दी झाली.

शब्द छापले, चाल राहिली

आता मुद्द्यावर येतो. शाहीर मागे तीन गोष्टी ठेवतो. शब्द, चाल आणि अदाकारी. यांतले शब्द कागदावर उतरतात. वामनदादांचे ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवले, म्हणून तो इतिहास आज आपल्याला सांगता येतो. पण चाल? ती पुस्तकात मावत नाही.

आपल्या घरात जुनी भीमगीतांची पुस्तिका असेल तर ती काढून पाहा. जयंतीच्या स्टॉलवर स्वस्तात मिळायची ती. गाण्याच्या डोक्यावर कंसात लिहिलेले असते ‘चाल’ आणि पुढे त्या काळच्या एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे किंवा दुसऱ्या भीमगीताचे नाव. त्या वेळी तेवढे पुरे होते. ते सिनेमाचे गाणे रेडिओवर रोज वाजायचे, वाचणाऱ्याच्या कानात असायचे. आज साठ-सत्तर वर्षांनी तो सिनेमा कोणाला माहीत नाही, ते गाणे कोणी ऐकलेले नाही. शब्द समोर आहेत, पण गायचे कसे ते कळत नाही. कुलूप आहे, किल्ली हरवली, अशी गत.

जी चाल शाहिराने स्वतः बांधली तिचे तर आणखी कठीण. आपल्या बहुतेक शाहिरांनी स्वरलेखन शिकलेले नव्हते. सा रे ग म लिहून ठेवण्याची सोय गुरुकुलात, संगीत विद्यालयात होती आणि त्या दारापर्यंत आपली माणसे कोठून पोचणार? नाट्यसंगीताचे पाहा. पंडित जितेंद्र अभिषेकी ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात गेले, पण ‘कट्यार काळजात घुसली’ची त्यांची पदे शिष्यांच्या गळ्यात होती, तबकड्यांवर होती, आजही गायली जातात. हे चांगलेच झाले. आपल्याकडे ज्यांची पुढची पिढी गाणारी निघाली त्यांचेही निभावले. नंदेश उमप यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या घरी आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श अशी गाणारी घराणीच झाली. पण प्रत्येक शाहिराला असा वारसा थोडाच मिळतो? मुळशी-मावळात, आपल्या प्रत्येक वस्तीत एखाद-दुसरा कलापथकवाला होता. कोणी कंपनीत हेल्पर होता, कोणी वीटभट्टीवर. त्यांचा मुलगा शिकून कामाला लागला, ही तर बाबासाहेबांचीच शिकवण. पण बापाची चाल त्याच्या गळ्यात उतरली नाही. बाप गेला, त्याच्याबरोबर चाल गेली. त्या दिवशी वस्तीने जलदान विधी केला, फोटोला हार घातला, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही की फोटोतल्या माणसाबरोबर आणखीही काही पुरले गेले.

कॅसेटचा काळ आला तेव्हा वाटले आता प्रश्न मिटला. साठ मिनिटांची कॅसेट, अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या. घराघरात गाणी गेली. पण कॅसेट ही काही दगडावरची रेघ नाही. आमच्या मुळशीचा पाऊस तर विचारूच नका. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, फीत चिकटते, आवाज बसतो. ज्यांच्याकडे १९८०-९० मधल्या कार्यक्रमांच्या घरी भरलेल्या कॅसेट आहेत त्यांच्याकडे खरे तर सोने आहे, आणि ते सोने दर पावसाळ्यात थोडे थोडे गळते आहे.

नावाचा हिशोब

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. म्हणून थोडा हिशोबही मांडतो.

गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, कॅसेटवर फोटो त्याचा छापतात. रचणाऱ्याचे नाव बारीक अक्षरात, तेही असले तर. जयंतीच्या मंचावर दुसऱ्याचे गाणे स्वतःचे म्हणून सांगणारे महाभागही आम्ही ऐकले आहेत. पूर्वी अनेकदा असे होई की रचणाऱ्याला ठोक रक्कम हातावर ठेवली, कागदावर सही घेतली आणि विषय संपला. पुढे ते गाणे कितीही खपो.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. रचनाकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीताचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचा हक्क २०२९ अखेर. वामनदादा २००४ साली गेले, त्यांचा २०६४ अखेर. उमप २०१० साली गेले, त्यांच्या रचनांचा २०७० अखेर. तोवर तो हक्क वारसांचा, किंवा ज्याला तो रीतसर दिला असेल त्याचा. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेतल्या गीताच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला परस्पर लिहून देता येत नाही. वारसांना किंवा त्यासाठीच्या नोंदणीकृत संस्थेला सोडून दुसऱ्या कोणाला तो देण्याचा करार केला तरी तो चालत नाही. आजच्या तरुण गीतकारांनी सही करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

याच कायद्याचे कलम ५७ आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाण्याचा हक्क विकला तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा रचनाकाराचा अधिकार विकला जात नाही. पैसा बुडाला तर बुडाला, पण नाव बुडवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

यावरून घाबरून कोणी गाणे बंद करू नये. धार्मिक विधीत, लग्नसमारंभात गाणे गाण्याला कायद्याने मोकळीक दिलेली आहे. खुशाल गा. फक्त गाण्याच्या आधी रचणाऱ्याचे नाव घ्या. त्याला एक पैसा लागत नाही.

आपल्याच तालुक्याचा धडा

हे जपण्याचे काम लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्यांनीच करायचे, आपल्याच्याने कसे होणार, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही आपल्या मुळशी तालुक्याचेच उदाहरण देतो.

जात्यावर दळताना आपल्या आया-आज्या ओव्या म्हणायच्या. गिरण्या आल्या, जाती बंद पडली, ओव्याही बंद पडणार होत्या. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी त्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. मुळशीच्या नांदगाव, कोळवडे अशा डोंगरातल्या गावांतून बायका बोलत्या झाल्या, गावातल्याच बायका पुढे गोळा करणाऱ्याही झाल्या. असे करत महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, रमाईवरच्या आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, म्हणजे शब्दांबरोबर गळाही जपला गेला. आज ते भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येते.

ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्यांचा आवाज आज जगात कोठेही ऐकू येतो. मग आपल्या शाहिरांचा का येऊ नये?

आपण काय करू शकतो

यासाठी ना सरकारी अनुदान लागते, ना मोठी संस्था. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि रविवारची सुट्टी आहे, निदान पाळी बदलून मिळते. आमच्या मते एवढे तरी व्हावे.

पहिले, माणसे. वस्तीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक गाणाऱ्याला, गाणारीला बसते करा. लग्नातली गाणी, पाळणे, जलशातली गाणी, काहीही. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाईल हातभर अंतरावर ठेवा आणि त्यांना गाऊ द्या. सुरुवातीला त्यांच्याच आवाजात नाव, गाव, तारीख आणि ‘हे गाणे कोणाचे, चाल कोणाची, मी कोणाकडून शिकले’ हे बोलून घ्या. आवाज थरथरला तरी चालेल. आपल्याला गोड गळा नको, चाल हवी आहे.

दुसरे, वह्या. शाहिरांच्या घरी जाऊन वह्या मागून आणू नका, त्या त्यांच्या घरच्या ठेवा आहेत. घरच्यांना विचारून, तिथेच बसून, दिवसाच्या उजेडात पानापानाचे फोटो काढा आणि वही परत त्यांच्या हातात द्या. फोटोंची एक प्रत त्या घराला, एक विहारात.

तिसरे, कॅसेट. बुरशी धरलेली कॅसेट लगेच वाजवून पाहू नका, फीत तुटते आणि यंत्रही खराब होते. आधी कोरड्या जागी उभी ठेवा, स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवा. चांगली असेल तर एकदाच वाजवून टेपरेकॉर्डरमधून वायरीने कॉम्प्युटरवर भरून घ्या. आयटी पार्कच्या दाराशी राहून आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना एवढे जमणार नाही असे कसे म्हणावे?

चौथे, शिकवणे. रेकॉर्ड केलेली चाल मोबाईलमध्ये पडून राहिली तर ती नुसती जपून ठेवलेली चाल. ती कोणाच्या तरी गळ्यात उतरली तर जिवंत. धम्मवर्गाला येणाऱ्या मुलांना महिन्याला एक गाणे शिकवावे. वर्षाला बारा होतात. दहा मुलांपैकी एकाच्या लक्षात राहिले तरी ते आणखी पन्नास वर्षे टिकले.

पाचवे, जयंतीचा मंच. भिंती हादरवणाऱ्या डीजेला आमचा विरोध आहे असे नाही, पोरांचा उत्साह आहे. पण त्या भाड्यातला एक लहानसा भाग बाजूला काढून एक संध्याकाळ ढोलकी-पेटीची ठेवली तर जुने कलावंत पुन्हा मंचावर येतील. त्यांना मानधन पाकिटात घालून, सन्मानाने द्यावे. मेल्यावर हार घालण्यापेक्षा हयातीत शाल घातलेली बरी.

‘आता द्रौपदी कोण होणार’ याचे उत्तर नागपूर-मुंबईच्या मोठ्या मंचावरच मिळेल असे नाही. ते एखाद्या वस्तीतल्या पोरीकडूनही मिळेल, जिला कोणीतरी चाल शिकवली असेल.

येत्या १४ एप्रिलला आपल्या वस्तीत पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी माइक हातात घेणाऱ्याने एवढेच म्हणावे, हे गाणे अमुक शाहिरांचे, चाल त्यांचीच, आम्ही ती अमुक आजींकडून शिकलो. शाहिराला याहून मोठी आदरांजली आम्हाला तरी ठाऊक नाही.

जयभीम!